वाचक विचारतात: जुना बांध आणि ‘पहिला वर्ग’

प्रश्न : अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अटलांटाजवळ आमच्या वसाहतीच्या मालकीचा जुना मातीचा बांध आहे. कुठे तडा नाही, तरी राज्याने त्याला धोक्याच्या ‘पहिल्या वर्गा’त टाकलंय. का?

उत्तर : हा वर्ग बांध किती मजबूत आहे ते सांगत नाही. तो फुटला तर खाली माणसं दगावण्याची शक्यता आहे का, एवढंच पाहतो. बांध तसाच राहिला, पण खाली नवी घरं झाली, तरी वर्ग बदलतो. जॉर्जियात याची किंमत मोजून झाली आहे. 1977 मध्ये टोकोआ इथला केली बार्न्स हा जेमतेम 38 फूट उंचीचा खाजगी बांध मध्यरात्रीनंतर फुटला आणि 39 जण गेले. पुढच्याच वर्षी राज्याने बांधांच्या सुरक्षेचा कायदा केला.

तुम्ही बांधाचा खालचा पायथा बघा. तिथे पाझर असेल तर बाटलीत पाणी धरा. नितळ असेल तर मोजून नोंद ठेवा. गढूळ असेल तर आतली माती वाहतेय, त्याच दिवशी अभियंत्याला बोलवा. गंजलेल्या पत्र्याच्या निचरा-पाइपभोवती हे बऱ्याचदा होतं. मोठी झाडं परस्पर उपटू नका, खोड कापून मुळंही तशीच सोडू नका. ती कुजली की पाण्याला वाट मिळते. तळं उतरवायचंच तर दिवसाला फूटभराहून जास्त नको, नाहीतर पाण्याकडचा ओला उतार घसरतो.