बाबा आढावांनी नेमकं केलं काय? एका हमालाच्या मुलीचं उत्तर

आपला प्रश्न असा आहे: "डॉ. बाबा आढाव गेले तेव्हा जिकडेतिकडे 'ज्येष्ठ समाजवादी कामगार नेते आणि लेखक' एवढंच वाचायला मिळालं. ते आमदार नव्हते, मंत्री नव्हते. मग आयुष्यभर त्यांनी नेमकं काय केलं?"

माझे वडील पुण्याच्या मार्केट यार्डात भुसार विभागात हमाल होते. मी स्वतः एका लेखापालांच्या कार्यालयात दिवसभर दुसऱ्यांच्या पगारपत्रकांचे हिशोब करते. त्यामुळे हे उत्तर चरित्रकोशासारखं होणार नाही. मला जे घरातून दिसलं तिथूनच सांगते.

आमच्या कपाटात एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात वडिलांचा पितळी बिल्ला, माथाडी मंडळाचं ओळखपत्र आणि कडा झिजलेलं बँकेचं पासबुक आहे. पासबुकात दर महिन्याला एक रक्कम जमा झालेली दिसते. नोकरदाराच्या घरात वाढलेल्याला यात विशेष वाटणार नाही. पण वडील सतराव्या वर्षी वेल्ह्याहून पुण्यात आले, तेव्हा त्यांच्या टोळीतले म्हातारे हमाल सांगायचे की त्यांच्या ऐन उमेदीत हमालाला महिना ठाऊकच नव्हता. दिवसभर पोती वाहायची, संध्याकाळी मुकादम हातावर ठेवेल ते घ्यायचं. आजारी पडलं की त्या दिवशी चूल बंद. पोत्याखाली पाय घसरून कंबर मोडली, की व्यापारी म्हणणार, "हा माझा माणूस नाही."

आणि व्यापारी कायद्याने खोटं बोलत नव्हता, सगळी ग्यानबाची मेख तिथेच आहे. हमाल सकाळी एका गाळ्यावर गाडी खाली करतो, दुपारी दुसऱ्या गाळ्यावर थप्पी लावतो, संध्याकाळी तिसऱ्याच आडत्याचा माल भरतो. आपल्याकडचे कामगार कायदे कारखाना डोळ्यासमोर ठेवून झालेले. ते आधी विचारतात, मालक कोण? हमालाला मालक सांगता येत नाही, म्हणून प्रॉव्हिडंट फंड नाही, रजा नाही, बोनस नाही, नुकसानभरपाई नाही. घाम सगळ्यांना दिसतो, कागदावर मात्र तो माणूसच नसतो.

बाबांनी आयुष्यभर ह्या कागदावर नसलेल्या माणसांना कागदावर आणलं. मला एका वाक्यात सांगायला लावलं तर मी हेच सांगेन. बाकीचं सगळं त्यातून समजतं.

बाबासाहेब पांडुरंग आढाव यांचा जन्म 1 जून 1930 चा, पुण्याचा. नाना पेठेत वाढले, म्हणजे भवानी पेठेतला जुना भुसार बाजार हाकेच्या अंतरावर. राष्ट्र सेवा दलात घडले, आयुर्वेदाचे डॉक्टर झाले, हडपसरला दवाखाना काढला. तिथलं साने गुरुजी रुग्णालय ज्या मंडळींनी उभं केलं त्यांत ते होते. मला त्यांच्या आयुष्यातला हा डॉक्टरकीचा भाग फार महत्त्वाचा वाटतो आणि लोक नेमका तोच एका ओळीत उरकतात. क्विंटलचं पोतं पाठीवर घेणाऱ्या माणसाची मान, मणका, गुडघे तपासलेला माणूस भाषण वेगळंच करतो. वडिलांच्या उजव्या खांद्याच्या मागे लिंबाएवढी कठीण गाठ आहे. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्या बाबांना ती असते. तिच्यावर मलम चोळून भागत नाही, पोत्याचं वजन कमी करावं लागतं. हमालांच्या चळवळीने पोतं 50 किलोचं करा ही मागणी वर्षानुवर्षं लावून धरली, ती यासाठी. वडिलांनी सुरुवातीची वर्षं 100 किलोची पोती वाहिली आणि नंतरची 50 ची. दोन्हीतला फरक त्यांना विचारा, ते नुसते उठून उभे राहून दाखवतात.

1956 च्या आसपास बाबांनी पुण्यात हमाल पंचायत सुरू केली. 'पंचायत' हा शब्द मुद्दाम घेतलेला आहे, असं मला नेहमी वाटत आलंय. युनियन म्हटलं की मालकाशी भांडण एवढंच डोळ्यासमोर येतं. पंचायतीत भांडण आहे, शिवाय पतपेढी आहे, मुलांची शाळा आहे, घरांची वसाहत आहे, दवाखाना आहे आणि आपसातल्या कुरबुरी बसून मिटवणंही आहे.

मग 1969 साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. 'माथाडी' म्हणजे माथ्यावर ओझं वाहणारा. ह्या कायद्याचं श्रेय एकट्या बाबांना देणं चूक होईल. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची प्रचंड ताकद उभी केली होती आणि त्या रेट्याशिवाय हा कायदा झाला नसता. पण पुण्यात आणि इतर बाजारपेठांत तो कागदावरून गाळ्यावर उतरवण्यासाठी हमाल पंचायत झगडली.

कायद्याची युक्ती मी माझ्या धंद्याच्या भाषेत सांगते, कारण मला तिचं फार कौतुक आहे. मालक सापडत नाही ना, मग मध्ये एक मंडळ ठेवा. मंडळावर सरकार, व्यापारी आणि कामगार तिघांचे प्रतिनिधी. व्यापाऱ्यांनी तिथे नोंदणी करायची, हमालांनीही करायची. पोत्यामागे हमालीचा दर ठरलेला. कोणत्या टोळीने कुठे किती पोती हाताळली त्याचा हिशोब होतो, व्यापारी ती मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मंडळाकडे भरतो. मंडळ हमालाची मजुरी त्याच्या खात्यात टाकतं आणि लेव्हीतून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा, औषधोपचार सांभाळतं. हमाल दिवसाला दहा गाळे फिरला तरी त्याचं खातं एकच राहतं. आज मोबाईलवरून जेवण पोचवणाऱ्या पोरांना "तुम्ही आमचे कर्मचारी नाही" असं सांगितलं जातं, तेव्हा मला आमच्या पेटीतलं पासबुक आठवतं. हा प्रश्न महाराष्ट्राने 1969 सालीच सोडवून दाखवला आहे.

हाच विचार पुढे कचरा वेचणाऱ्या बायांपर्यंत गेला. 1993 साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कामातल्या बायका त्यामागे होत्या आणि बाबा पाठीशी उभे होते. कुंडीत हात घालणारी बाई दिसली की चोरीचा संशय आधी तिच्यावर यायचा. तिला महापालिकेची मान्यता असलेलं, फोटो लावलेलं ओळखपत्र मिळालं. आमच्या गल्लीत एक मावशी यायच्या. त्यांनी ते ओळखपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून परकराच्या खिशात ठेवलेलं असायचं. एकदा सोसायटीच्या वॉचमनने फाटकात हटकलं, तेव्हा त्यांनी ते काढून त्याच्या तोंडासमोर धरलं आणि एक शब्द न बोलता आत गेल्या. पुढे ह्याच कामातून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली, जी आज पुण्यात दारोदार कचरा गोळा करते. रिक्षावाल्यांची रिक्षा पंचायतही ह्याच घराण्यातली.

कष्टाची भाकर मात्र जरा थांबून सांगायला हवी. 1974 साली हमाल पंचायतीने सुरू केलेलं हे जेवणाचं केंद्र. गावाकडून एकटा आलेला हमाल, खोलीत बाई माणूस नाही, हॉटेलचं परवडत नाही, मग चहापावावर पोती उचलणार. त्याला ना नफा ना तोटा दरात भाकरी-भाजी द्यायची आणि ती करायला कष्टकऱ्यांच्याच घरातल्या बायका घ्यायच्या. मी शाळेत असताना वडिलांबरोबर जायचे. आत पाऊल टाकलं की आधी भाकऱ्या थापायचा आवाज, मग धूर, मग झणझणीत रश्शाचा वास. हमालांच्या शेजारी कॉलेजची पोरं बसलेली, रिक्षावाले बसलेले. कुणी कुणाला जात विचारत नव्हतं, पंगत एकच.

जात हा बाबांच्या कामाचा दुसरा पाय. पुष्कळ समाजवादी-साम्यवादी मंडळी मजुरीचं बोलत आणि जातीचं नंतर बघू म्हणत. बाबा फुल्यांच्या वाटेने आलेले, सभेत फुल्यांचे अखंड, म्हणजे अभंगासारख्या त्यांच्या रचना, गाणारे. त्यांना दोन्ही एकदमच दिसायचं. 1972 च्या दुष्काळाच्या सुमारास त्यांनी 'एक गाव एक पाणवठा' ही मोहीम घेतली. गावोगाव फिरून एकच प्रश्न विचारायचा: इथे दलित पाणी कुठून भरतात? स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झालेली, अस्पृश्यता घटनेने बंद केलेली, आणि तरी गावांमागून गावांत पाणवठे वेगळे. कुठे रिकामी घागर घेऊन बाईने विहिरीच्या कडेला थांबायचं, वरून कुणी ओतेल तेव्हा घ्यायचं. हे सगळं त्यांनी त्याच नावाच्या पुस्तकात लिहून ठेवलं. आपण 'लेखक' म्हणजे काय असं विचारलं असतं, तर मी आधी ह्या पुस्तकाचं नाव सांगितलं असतं. सुंदर भाषेसाठी ते कुणी वाचत नाही. गावं आणि विहिरी यांची ती साक्ष आहे, आणि "आमच्याकडे असलं काही नाही हो" म्हणणाऱ्याला तिच्यापुढे बोलता येत नाही. शिवाय 'पुरोगामी सत्यशोधक' हे नियतकालिक त्यांनी चालवलं, तेही ह्याच धाटणीचं. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळावं म्हणून जो लांबलचक लढा झाला त्यातही ते होते.

पदांचं म्हणाल तर ते पुणे महापालिकेत नगरसेवक होते, त्यापुढे निवडणुकीच्या राजकारणात रमले नाहीत. तुरुंगात पन्नासहून अधिक वेळा गेले, आणीबाणीतही गेले. घर परिचारिकेची नोकरी करणाऱ्या शीलाताईंनी चालवलं. नेत्यांच्या चरित्रात ही ओळ शेवटी येते, माझ्या मते ती पहिल्या पानावर हवी. महिन्याचा पगार त्या घरात आणत होत्या, म्हणून हे सगळं झालं. नोव्हेंबर 2024 मध्ये चौऱ्याण्णव वर्षांचे बाबा मतदानयंत्रं आणि निवडणुकीतला पैसा ह्या प्रश्नावर पुण्यात फुलेवाड्यात उपोषणाला बसले. त्या मुद्द्यावर कुणाचं काहीही मत असो, त्या वयात तीन दिवस तिथे बसणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. 8 डिसेंबर 2025 ला ते गेले.

एक काम अर्धं राहिलं, तेही सांगायला हवं. असंघटित कष्टकऱ्याला म्हातारपणी निवृत्तिवेतन मिळालं पाहिजे, यासाठी बाबा आणि माहिती अधिकाराच्या चळवळीतल्या अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने पेन्शन परिषद उभी राहिली, 2012 साली दिल्लीत जंतरमंतरवर कष्टकरी म्हातारे धरणं धरून बसले. मागणी साधी होती. ज्यांनी देशाचं धान्य, सिमेंट, लोखंड पाठीवर वाहिलं, त्यांना किमान वेतनाच्या निम्मी रक्कम दरमहा द्या.

माझे वडील निवृत्त झाले तेव्हा त्यांना फंड आणि ग्रॅच्युइटी मिळाली. त्यातून बहिणीचं लग्न झालं आणि गावच्या घरावर पत्रे पडले. मंडळाकडून येणारी दरमहाची रक्कम मात्र त्या दिवसापासून थांबली. आता औषधांचे पैसे मी देते, आणि ते माझ्याकडून घेताना वडील दर वेळी खिडकीबाहेर बघतात.