घरकर्ज : हप्ता तोच, मग मुदत का वाढली?

प्रश्न : २०२१ साली बँकेकडून २० वर्षांसाठी २५ लाख घेतले. व्याज ७ टक्के, हप्ता १९,३८२ रुपये. हप्ता आजवर एकदाही चुकला नाही. तरी परवा शाखेत उतारा काढला तर २४ लाख बाकी आणि मुदत अजून २३ वर्षं! हे कसं? (एक वाचक, फुलेवाडी)

रेपो म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर, तुमचा व्याजदर त्याच्याबरोबर हलतो. मे २०२२ च्या सुरुवातीला रेपो दर ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो साडेसहावर गेला. तुमचा दर साडेनऊ झाला, पण बँकेने हप्त्याला हात न लावता मुदत ताणली. २४ लाखांवर साडेनऊ टक्क्यांनी महिन्याचं व्याजच १९,००० होतं. हप्त्यातले उरले ३८२ रुपये, तेवढंच मुद्दल फिटत होतं. २०२५ मध्ये रेपो सव्वापाचवर आला, तुमचा दर सव्वाआठ झाला. तरीही याच हप्त्यात २७८ महिने लागतात.

रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे निवडण्याची संधी कर्जदाराला द्यावी लागते. तिमाही विवरणही द्यावं लागतं : आजवर किती मुद्दल आणि किती व्याज गेलं, किती हप्ते उरले. न विचारता मुदत ताणणं हा अन्याय आहे आणि तो कर्जदाराने मुकाट्याने सोसू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. १५ वर्षांत फेडायचं असेल तर हप्ता सुमारे २३,२८५ करावा लागेल. ते झेपत नसेल तर एक लाख एकरकमी भरा, त्याने सुमारे ३१ हप्ते कमी होतात. मात्र पावती घेताना ‘हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा’ असं लिहून द्या. नाहीतर संगणकात हप्ताच कमी केला जातो आणि फायद्याचा मोठा भाग जातो. बदलत्या दराच्या वैयक्तिक घरकर्जावर असं भरण्याला दंड नाही.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी फोन १४४४८.

प्रश्न : आमचं कर्ज गृहवित्त कंपनीचं आहे. शेजाऱ्यांचा दर उतरला, आमचा तसाच. (राजारामपुरी)

१ ऑक्टोबर २०१९ पासून नवी घरकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडण्याची सक्ती बँकांवर आहे, गृहवित्त कंपन्यांवर नाही. त्यांचा मूळ दर त्या स्वतःच ठरवतात. घर दोघांचंही सारखंच गहाण असतं, मग नियम वेगळा का? ही पळवाट बंद व्हायलाच हवी.

तोवर दुसऱ्या बँकेचं मंजुरीपत्र आणा आणि ते दाखवून कंपनीकडे दरकपात मागा. बऱ्याचदा तेवढ्यावर काम होतं. नाहीच झालं तर कर्ज हलवा, पण आधी प्रोसेसिंग फी, वकिलाचा शोध अहवाल (मालकी तपासल्याचा) आणि नव्या गहाणाचं मुद्रांक शुल्क यांची बेरीज मांडा. पाचेक वर्षंच उरली असतील तर बहुधा परवडत नाही.

प्रश्न : कर्ज फिटलं. कागद ‘मुंबईहून येतील’ म्हणतात. घर पाचगावला आहे. (एक वाचक)

१ डिसेंबर २०२३ पासून नियम असा : पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत. संस्थेमुळे उशीर झाला तर रोजचे ५,००० रुपये भरपाई. कागद हरवले असतील तर नकला काढून देण्याचा खर्च संस्थेचा, त्यासाठी तिला आणखी ३० दिवस मिळतात.

गठ्ठा हातात आला की लगेच सही करू नका. कर्ज घेताना जमा केलेल्या कागदांची यादी समोर ठेवून ताडा : मूळ खरेदीखत, आधीच्या मालकांचे दस्त, सूची २ (दस्त नोंदणीचा गोषवारा, ‘इंडेक्स टू’), बिनशेती आदेश. बहुतेकदा आधीच्या मालकाचा दस्तच गहाळ असतो, आणि ते घर विकताना कळतं.

पुढचं काम तुमचंच. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’मध्ये बोजा चढलेला असेल, तर ना-हरकत दाखला जोडून तलाठ्याकडे बोजा कमी करण्याचा अर्ज द्या, फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून बघा. मिळकत सिटी सर्व्हेत असेल तर हेच नगर भूमापन कार्यालयात करायचं. गहाणाची सूचना (घर गहाण असल्याची नोंद, ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’) दुय्यम निबंधकांकडे नोंदवली असेल तर तीही रद्द करून घ्या.