वाचकांचे प्रश्न: मुलांना मुंबई दाखवताना

दिवाळी आणि नाताळच्या सुट्ट्या जवळ आल्या की मुंबईबद्दल प्रश्न विचारणारी पत्रे वाढतात. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही चौघे. मुलगा चौथीत, मुलगी आठवीत. शनिवारी सकाळी गाडीने सीएसएमटीला उतरू आणि सोमवारी रात्रीच्या गाडीने परतू. घरच्यांनी रोज पाच ठिकाणांची यादी करून दिली आहे. क्रम कसा लावावा? (सोलापूर)

उत्तर : यादीतली निम्मी ठिकाणे आधी खोडा. दिवसाला दोन ठिकाणे पुरेत, तिसरे म्हणून फार तर संध्याकाळचा समुद्र. पाच ठिकाणे धरली की मुलांना आठवतात फक्त टॅक्सीच्या काचा.

क्रम लावायचा तो साप्ताहिक सुट्टी पाहून. घारापुरी, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी आणि फोर्टमधले रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय सोमवारी बंद असते. भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे प्राणिसंग्रहालय, आणि तिच्या आवारातले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सोमवारीही उघडे असते. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राचेही तसेच.

म्हणून शनिवारी घारापुरी. गाडीतून उतरून सामान लॉजवर टाका. खोली मिळायला वेळ असेल तर स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवा, पण तिथे बॅगेला कुलूप लागते आणि प्रवासाचे तिकीटही दाखवावे लागते. रविवारी सकाळी सातला फोर्टात पायी फिरा. कचेऱ्या बंद, रस्ते मोकळे, त्यामुळे मान वर करून इमारती पाहता येतात. एरवी हे जमत नाही. दुपारी वस्तुसंग्रहालय, पण तीन तासांच्या वर नाही. पहिला मजला संपेपर्यंत धाकटा कंटाळणार हे धरूनच चला आणि त्याच्यासाठी तिथल्या बाल संग्रहालयाचा वेळ राखून ठेवा. सोमवारी विज्ञान केंद्र. सीएसएमटीहून भुयारी मेट्रो बदल न करता सायन्स सेंटर स्थानकात पोचवते. सकाळची गर्दी दक्षिणेकडे येत असते आणि तुम्ही उलट दिशेने जाता.

प्रश्न : घारापुरीला मुले आणि आजी-आजोबांना घेऊन जायचे आहे. किती वेळ लागतो? नेमके काय पाहायचे? (परभणी)

उत्तर : गेटवेहून लाँचने जायला साधारण तास, यायला तास, बेटावर अडीच-तीन तास. म्हणजे घरून निघाल्यापासून अर्ध्याहून अधिक दिवस गेला. सकाळच्या पहिल्या लाँचांपैकी एक पकडा. तिकीट जाण्या-येण्याचे एकत्र मिळते. परतीचा तुकडा आजोबांच्या खिशात नको, ज्याच्याकडे पैसे त्याच्याकडेच द्या. चढल्या चढल्या लाइफ जॅकेट मागा आणि मुलांना घालून पट्टे आवळा. नुसते अंगावर टाकलेले जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जाते. ज्यांना बोट लागते त्यांना मधल्या भागात बसवा, तिथे हेलकावा सर्वांत कमी असतो. वाटेत नौदलाची जहाजे दिसतील, त्यांचे फोटो काढू नका. पावसाळ्यात ही सहल आखूच नये, समुद्र खवळला की लाँच बंद राहतात.

धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत छोटी झुकझुक गाडी आहे. पुढे सुमारे १२० पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्यांसाठी डोली मिळते; दर बसण्याआधी ठरवा, आणि तो एका बाजूचा की दोन्ही, हे स्पष्ट विचारून घ्या. लेण्यांचे तिकीट वर वेगळे काढावे लागते, १५ वर्षांखालच्या मुलांना ते लागत नाही. माकडे हातातले पुडे आणि बाटल्या हिसकावतात. खाणे पिशवीच्या आत ठेवा, पिशवीची चेन ओढा आणि पायऱ्यांवर काही उघडू नका.

पहिले लेणे हेच मुख्य. बाकीच्यांत दमलेल्या मुलांना ओढू नका. आत शिरताना मुलांना विचारा: हे खांब किती दगड जोडून उभे केले असतील? एकही नाही. हा सगळा बेसाल्टचा डोंगर आतून कोरून काढला आहे, खांब म्हणजे न कोरलेला उरलेला दगड. खांब चुकला तर दुसरा आणून लावता येत नव्हता, हे कळले की मुलांची पाहण्याची नजरच बदलते. मुख्य दार उत्तरेला आणि सदाशिवाची त्रिमुखी मूर्ती दक्षिणेच्या भिंतीत, म्हणून तिथे उजेड कमी. लगेच फोटो काढून वळू नका. पाच मिनिटे उभे राहा, डोळे अंधाराला सरावतात आणि मगच शिवाची रूपे, म्हणजे एका बाजूचा उग्र अघोर, मधला शांत चेहरा आणि दुसऱ्या बाजूचा कोमल वामदेव, वेगवेगळी दिसू लागतात. तिच्या दोन्ही अंगांना अर्धनारीश्वर आणि गंगाधर आहेत. रावण कैलास हलवतो तो देखावा मुलांनाच शोधू द्या.

पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून बेटाला एलिफंटा नाव दिले, तो हत्ती आता बेटावर नाही. तो भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. राणीच्या बागेत जाणार असाल तर तो जरूर दाखवा.

प्रश्न : तारापोरवाला मत्स्यालय किती वाजता उघडते? (जालना)

उत्तर : ते बंद आहे. १९५१ सालची ही वास्तू धोकादायक झाल्यामुळे प्रवेश थांबवण्यात आला. जुन्या माहितीपत्रकांत ते अजून छापलेले असते, त्यावर विसंबून मुलांना शब्द देऊ नका.

प्रश्न : मुलगी आठवीत आहे, इतिहासात ब्रिटिश काळ आहे. फोर्टातल्या इमारती नुसत्या ‘सुंदर’ म्हणून न पाहता त्यांतून काय शिकवता येईल? (नागपूर)

उत्तर : ओव्हल मैदानाच्या मधोमध उभे राहा. एवढे एक ठिकाण नीट समजले तरी फोर्टची फेरी सार्थकी लागली.

पूर्वेला उच्च न्यायालय आणि विद्यापीठाचा राजाबाई टॉवर. दोन्ही १८७८ मध्ये पुरे झाले: टोकदार कमानी, दगडी नक्षी, व्हिक्टोरियन गॉथिक. आता पाठ फिरवा. पश्चिमेला १९३०च्या दशकातल्या रहिवासी इमारती: गोलाई घेतलेले सज्जे, रंगीत गिलावा, खिडक्यांवर भुवईसारखे लांब छज्जे. ही आर्ट डेको. २०१८ मध्ये या दोन्ही रांगा मिळून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या.

आता मुलीला विचारा: दोन रांगांत ५०-६० वर्षांचे अंतर का? कारण टॉवर बांधला तेव्हा पश्चिमेच्या इमारतींची जमीनच नव्हती. मैदानाच्या पलीकडे थोड्याच अंतरावर बॅकबेच्या समुद्राचे पाणी होते. पुढे भर घालून जमीन केली, तेव्हा तिच्यावर त्या काळाची घडण उभी राहिली. भुवयांसारखे छज्जे शोभेचे वाटतात, पण ते ऊन आणि पाऊस खिडकीवर थेट येऊ देत नाहीत.

पैसा कुठून आला हा पुढचा प्रश्न. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी किल्ल्याची तटबंदी पाडली. म्हणून ‘फोर्ट’ नाव आहे आणि कोट दिसत नाही. राजाबाई टॉवरचा खर्च देणारे प्रेमचंद रायचंद हे त्या कापसाच्या तेजीतले मोठे व्यापारी. टॉवरला नाव त्यांच्या आईचे.

तिथून हुतात्मा चौकात या. १८६४ चे फ्लोरा फाउंटन आणि संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचे स्मारक एकाच चौकात आहेत. इथे घाई करू नका. शेवटी सीएसएमटी, रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूने पाहा. स्टेशन आणि महापालिकेची इमारत, दोन्ही फ्रेडरिक स्टीव्हन्स यांनीच रचली. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ: एक ब्रिटनचा, एक हिंदुस्थानचा. स्टेशन दाखवताना १६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडीही सांगा, मात्र ही इमारत तेव्हा नव्हती. तिचे काम १८७८ मध्ये सुरू झाले.

प्रश्न : लोकलची भीती वाटते. मुले बरोबर असताना टाळावी का? (लातूर)

उत्तर : टाळू नका, वेळ निवडा. सकाळी आठ ते अकरा दक्षिणेकडे आणि संध्याकाळी पाच ते नऊ उत्तरेकडे जाणारी गाडी घेऊ नका. रविवारी दुपारी बहुधा मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या कामासाठी काही गाड्या बंद असतात; आदल्या दिवशीचे वर्तमानपत्र पाहा. फलाटावरच्या फलकावर ‘एस’ म्हणजे धिमी, ‘एफ’ म्हणजे जलद. नवख्यांनी धिमीच धरावी, जलद गाडी तुमचे स्टेशन सोडून पुढे जाऊ शकते. स्टेशनात गाडी अर्धा मिनिटही थांबत नाही, म्हणून एक स्टेशन आधी दाराजवळ या आणि फलाट कोणत्या बाजूला येणार ते सहप्रवाशांना विचारा. बारा वर्षांखालचा मुलगा आईबरोबर महिलांच्या डब्यात बसू शकतो. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट.

चुकामूक झाली तर काय, हे चढण्याआधीच ठरवा: गाडीत राहिलेल्याने पुढच्या स्टेशनवर उतरून तिथेच थांबायचे, फलाटावर राहिलेल्याने पुढच्या गाडीने तिथे यायचे. दोघेही शोधत निघाले की सापडत नाहीत. आणि दक्षिण मुंबईत रिक्षा नाही हे लक्षात ठेवा. ती पश्चिमेला वांद्र्यापर्यंत आणि पूर्वेला शीवपर्यंतच. पुढे मीटरची काळी-पिवळी टॅक्सी किंवा बेस्टची बस.

प्रश्न : मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. चौपाटीवर कधी जावे? भरती केव्हा असते ते कसे कळते? (चंद्रपूर)

उत्तर : घरातले पंचांग काढा. तिथीला पाऊणने गुणा, मुंबईच्या भरतीची अंदाजे वेळ येते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा आणि अमावास्येला ही वेळ बाराच्या आसपास पडते. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. वद्य पक्षातही मोजणी पुन्हा प्रतिपदेपासूनच. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, कारण पृथ्वी एक फेरा घेईपर्यंत चंद्रही पुढे गेलेला असतो. मुलांना हे गणित घरीच करायला लावा आणि तिथे जाऊन पडताळून पाहू द्या. अर्धा-पाऊण तासाचा फरक पडेल.

पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सर्वांत कमी चढउताराची भरती. उधाणाला पाणी सर्वांत वर चढते आणि ओहोटीला सर्वांत खालीही जाते. मरीन ड्राइव्हला लाटा पाहायच्या तर उधाणाची भरती. मात्र कठड्याच्या अलीकडेच थांबा: पलीकडचे सिमेंटचे चौपायी ठोकळे शेवाळाने निसरडे असतात आणि त्यांच्या फटीत पाय अडकतो. हाजीअलीची वाट भरतीत पाण्याखाली जाते, तिथे ओहोटीलाच जा. खडकांच्या डबक्यांत शंखातले खेकडे आणि दगडाला चिकटलेले जीव दिसतील. हात लावायचा नाही, रिकामा वाटणारा शंखही उचलायचा नाही: आत जीव असतो, आणि काही शंखांचा दंश विषारी असतो. पायात मागे पट्टा असलेली चप्पल हवी. गिरगाव चौपाटीवर पोहायला उतरवू नका, घोट्यापर्यंत पाणी पुरे. पावसाळ्यात वाळूवर ब्लूबॉटल नावाचे निळे फुग्यासारखे जीव वाहून येतात, मेलेले दिसले तरी त्यांचे धागे डसतात. डसल्यास चोळू नका, धागे चिमट्याने काढा आणि मुलाला डॉक्टरकडे न्या.