छावणीतील दवाखाना

प्रश्न : १९४७ च्या फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांवर छावण्यांत उपचार कसे होत असत?

उत्तर : जखमींची मलमपट्टी आणि बाळंतपणे ही कामे होतीच, पण डॉक्टरांना खरी धास्ती होती ती पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची. कुरुक्षेत्राच्या तंबूंच्या छावणीत लाखो माणसे दाटीने राहत असल्याने पिण्याचे पाणी दूषित झाले की साथ भडकण्यास वेळ लागत नसे. म्हणून पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकणे, शौचाचे चर वस्तीपासून दूर खणणे आणि लस टोचणे यांवर भर असे. त्या लशीचे संरक्षण अपुरे व अल्पकाळाचे होते, त्यामुळे माझ्या मते अधिक जीव वाचवले ते शुद्ध पाण्याने. जुलाबांनी शरीर कोरडे पडलेल्या रुग्णाला शिरेतून सलाईन द्यावे लागे. तोंडाने देण्याचे आजचे क्षारमिश्रण तेव्हा प्रचारात नव्हते, आणि थकलेल्या रुग्णाची शीर सापडणे हेच मुळात कठीण. गांधीजींच्या सहकारी डॉ. सुशीला नय्यर यांनी पश्चिम पंजाबातील वाह येथील छावणीत सेवा केली. आपल्याकडे सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या, महायुद्धकाळातील लष्करी बराकींत ठेवले गेले. तीच वस्ती पुढे उल्हासनगर झाली.