आमदार म्हणतात वर कळवतो, मंग पुढं काय?

प्रश्न: नमस्कार ताई. ई-पीक पाहणीसाठी, म्हणजे सातबाऱ्यावर पीक नोंदवाले, शेतात उभं राहून मोबाईलच्या ॲपवर पिकाचा फोटो टाका लागते, अन् आमच्या शिवारात रेंजच नाही. आमदार साहेब गावात आले तवा सांगतलं, ते म्हणे वर कळवतो. हे ॲप, आपला डेटा, याचे नियम करताना आमच्यासारख्याले कोणी विचारते का? अन् आम्ही बोलावं कुठं?
— एक शेतकरी, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर: भाऊ, विचारतात, पण ते विचारणं गावापर्यंत येतच नाही. कायद्याचा, नियमांचा मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढं ठेवायचा हे केंद्राचं २०१४ पासूनचं धोरण आहे. आता डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याच्या नियमांचा मसुदा जानेवारी २०२५ मध्ये आला, सूचना मागवल्या सरकारच्या मायगव्ह या वेबसाइटवर, अन् तेव्हाच सांगितलं की कोणी काय लिहिलं ते उघड करणार नाही, नियम पक्के झाले की फक्त गोषवारा देऊ. मंग कोणाचं ऐकलं अन् कोणाचं नाही हे लोकांनी ओळखायचं कसं? मला हे अजिबात पटत नाही.

अन् "वर" म्हणजे नेमकं कुठं, हे आमदारांना तिथंच विचारा. ई-पीक पाहणी राज्याच्या महसूल विभागाची, तो विषय आमदारांचा. टॉवर अन् डेटा कायदा दिल्लीचा, तो खासदारांचा. दोन्ही एकाच अर्जात घातलं की दोघंही एकमेकांकडं बोट दाखवतात, म्हणून अर्ज वेगवेगळे करा.

सुरुवात ग्रामसभेत करा. नुसतं "रेंज नाही" असा ठराव कामाचा नाही. कोणत्या गट नंबरात, कोणत्या कंपनीच्या सिमला, कोणत्या तारखेला फोटो अडकला, स्क्रीनशॉटसकट द्या, अन् ग्रामसेवकानं प्रोसिडिंगमध्ये लिहिलं की नाही ते उठायच्या आधी वाचून घ्या, इथंच लोक गाफील राहतात. मंग ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल आमदारांच्या ऑफिसात देऊन पोच घ्या, अन् नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात यावर तारांकित प्रश्न लावा म्हणा, त्याला मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावं लागते. प्रश्न अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावे लागतात, त्यामुळं डिसेंबरची वाट पाहू नका.

तरी हालचाल नाही झाली तर महसूल विभागाकडं माहिती अधिकारात अर्ज टाका, आमच्या ठरावावर काय कारवाई झाली ते द्या, ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे.