दहावीनंतर आर्ट्स की सायन्स? सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका आईच्या पत्राला उत्तर

पत्राचा सारांश : "आम्ही सोलापूरला अशोक चौकाजवळ राहतो. घरात तेलुगू बोलतो, मुलगी मराठी माध्यमात शिकली. दहावीला ८४.४० टक्के मिळाले. मराठी ९१, हिंदी ८६, इंग्रजी ७८, गणित ७१, विज्ञान ७४, सामाजिक शास्त्रे ९३. तिला आर्ट्स घ्यायचंय, मानसशास्त्र आणि भूगोल म्हणते. तिचे पप्पा टॉवेलच्या कारखान्यात मागांवर देखरेख करणारे जॉबर आहेत. त्यांचं म्हणणं, एवढे टक्के असताना आर्ट्स कशाला, सायन्स घेतलं की सगळे रस्ते मोकळे राहतात. नातेवाईकही तेच म्हणतात. फॉर्म भरायचा आहे. काय करावं?"

ताई, नमस्कार.

आधी गुणपत्रिका नीट पाहू. दहावीची टक्केवारी सहापैकी सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवर काढतात. तुमच्या लेकीचे ८४.४० टक्के म्हणजे ५०० पैकी ४२२, आणि या ४२२ मध्ये गणित धरलेलंच नाही, कारण सहा विषयांत तेच सगळ्यात कमी आहे. सहाही विषय धरले तर ६०० पैकी ४९३, म्हणजे साधारण ८२ टक्के होतात. त्यामुळे "एवढे टक्के असताना" या वाक्यात ज्या विषयावर सायन्सची दोन वर्षं उभी राहतात, तोच विषय गळालेला आहे. त्यातही गणिताच्या ७१ मध्ये शाळेने दिलेले अंतर्गत गुण २० पैकी आहेत. ते १८ मिळाले असतील, तर लेखी ८० पैकी ५३ उरतात. हे गुण वाईट नाहीत. पण सायन्सला जायचं तर या ५३ कडे बघून ठरवा, ८४ कडे बघून नको.

तिच्या पप्पांचं म्हणणं नियमांपुरतं बरोबर आहे. बारावी सायन्सनंतर बीए, बीकॉम, कायदा, बीबीए, बीसीए कशालाही जाता येतं. बारावी आर्ट्सनंतर मात्र इंजिनिअरिंग, वैद्यकीय, फार्मसी, बीएस्सी नर्सिंग, बीएस्सी कृषी, आर्किटेक्चर, एनडीएतून (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून) नौदल किंवा हवाई दल हे सगळं बंद होतं. ही यादी लेकीपुढे ठेवा आणि तिला एकटीला विचारा, यातली कोणती गोष्ट गेली तर तुला खरंच वाईट वाटेल? एखाद्या नावापाशी ती थबकली, तर विचार बदलावा लागेल. कुठेच थबकली नाही, तर जे रस्ते मोकळे ठेवायला दोन वर्षं घालवायची, त्यांवरून तिला जायचंच नाही हे उघड आहे.

आणि हे रस्ते नुसत्या प्रवेशाने मोकळे राहत नाहीत, त्यासाठी गुण लागतात. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेला १८० प्रश्न, ७२० गुण, चुकीच्या प्रत्येक उत्तराला एक गुण वजा. इंजिनिअरिंगसाठीच्या राज्याच्या एमएचटी-सीईटीला पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटात २०० गुण, त्यातले १०० एकट्या गणिताचे, कारण गणिताचा प्रत्येक प्रश्न दोन गुणांचा. त्या सीईटीत वीस टक्के भाग अकरावीचा असतो, म्हणजे अकरावी "आरामाचं वर्ष" म्हणून काढता येत नाही. मनाविरुद्ध सायन्स घेतलेल्या मुलांचं बहुतेक वेळा असं होतं : दिवाळीपर्यंत भौतिकशास्त्र मागे पडतं, क्लास लावला जातो, क्लासमुळे कॉलेज सुटतं, बारावीला पन्नास-पंचावन्न टक्के पडतात आणि शेवटी बीएलाच प्रवेश घ्यावा लागतो. फक्त आता मूल आपल्याला काही येत नाही असं समजून बीएला बसलेलं असतं. क्लाससाठी लातूरला ठेवायचा विचार चालू असेल, तर त्या खर्चाआधी याचा विचार करा.

तुमच्या पत्रात माध्यमाचा उल्लेख जाता जाता आला आहे, पण मला तो मोठा वाटतो. ती पूर्ण मराठी माध्यमातली आहे, सेमीची नाही. आपल्याकडे अकरावी सायन्सची भौतिक, रसायन, जीवशास्त्राची पुस्तकं इंग्रजीत आहेत. घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि आता प्रवेग, बल, संवेग हे सगळं नव्या नावांनी इंग्रजीत. मराठी माध्यमातली मुलं सायन्समध्ये उत्तम करतात, पण पहिले तीन-चार महिने त्यांच्यावर दुप्पट काम पडतं. विषयाची ओढ असेल तर ते निभतं. ओढ नसेल तर इथेच मन उडतं.

म्हणून वादावादी थांबवून पंधरा दिवसांची एक चाचणी करा. बालभारतीच्या संकेतस्थळावर अकरावीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. सध्याच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातलं दुसरं प्रकरण गणितीय पद्धतींवर आहे, सदिश (व्हेक्टर) आणि थोडं कलन (कॅल्क्युलस). ते घ्या. रोज सकाळी दीड तास, मोबाईल बाहेर, क्लास नाही, अडलं तर शाळेतल्या सरांना विचारायची मुभा. पाचव्या-सहाव्या दिवशी तिला असं एक उदाहरण द्या : १० न्यूटनचं बल जमिनीशी ३० अंशाच्या कोनात ओढतंय, तर आडवं किती आणि उभं किती? उत्तर ८.६६ आणि ५. आकडे तिला पुस्तकात सापडतील, तुम्ही दुसरंच बघा. आडव्याला कोसाइन का आणि उभ्याला साइन का, हे ती काटकोन त्रिकोण काढून दाखवते का? कोन जमिनीऐवजी भिंतीशी दिला तर तिचं उत्तर बदलतं का? आकृती स्वतः काढली तर गणिताचा पाया आहे, ७१ चे ८५ होऊ शकतात. सूत्र पाठ म्हणून दाखवलं आणि कोन फिरवल्यावर गडबडली, तर पुढची दोन वर्षं ती असंच पाठ करत राहील, आणि भौतिकशास्त्र पाठांतराने फार लांब जाऊ देत नाही.

आता आर्ट्सचीही तेवढीच कडक चाचणी. आर्ट्स म्हणजे गणितातून सुटका, असं तिच्या डोक्यात असेल तर ते आत्ताच काढायला हवं. अकरावीच्या अर्थशास्त्रात तिसरंच प्रकरण विभाजन मूल्यांचं आहे, म्हणजे क्रमाने लावलेल्या आकड्यांचे चार, दहा किंवा शंभर समान भाग करणारी मूल्यं : चतुर्थक, दशमक, शतमक. पप्पांना सांगा, कारखान्यातल्या एका मागाचं ११ दिवसांचं उत्पादन लिहून आणा. तिने ते चढत्या क्रमाने मांडावं. ११ मध्ये १ मिळवून बेरजेला ४ ने भागा, उत्तर ३, म्हणजे तिसरा आकडा पहिला चतुर्थक. त्यावरून माग कोणत्या दिवसांत कमी चालला आणि का, यावर पप्पांशी बोलून तिने अर्धं पान लिहावं. हे लिहिताना ती रमली तर सामाजिक शास्त्रांची ओढ खरी आहे. मानसशास्त्राच्या पदवीतही सांख्यिकी येते : सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध. भूगोलाच्या प्रात्यक्षिकात नकाशाचं प्रमाण आणि समोच्च रेषा येतात. गोष्टी वाचायला आवडतात म्हणून आर्ट्स घेतलेल्या मुली इथेच निराश होतात.

मानसशास्त्राबद्दल स्पष्ट सांगते, कारण सध्या पुष्कळ मुलींना ते हवं असतं. बीए तीन वर्षं आणि एमए दोन वर्षं, त्याआधी समुपदेशक म्हणून काम मागण्यात अर्थ नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेलं प्रशिक्षण आणि नोंदणी वेगळी लागते. घराला बावीस-तेविसाव्या वर्षाच्या आत तिची कमाई हवी असेल, तर हे आजच मोजा. शिवाय सगळ्याच कॉलेजांत हा विषय नसतो, आणि कुठे असला तर तो विनाअनुदानित तुकडीत असू शकतो, तिथली फी वेगळी.

माझं मत विचारलंत म्हणून : भौतिकशास्त्राची चाचणी फसली आणि अर्थशास्त्राची जमली, तर आर्ट्स घ्या, आणि विषय असे घ्या : भूगोल, अर्थशास्त्र, मानसशास्त्र, आणि चौथा शक्यतो गणित व संख्याशास्त्र. मंडळाच्या बारावीच्या विषयांत 'गणित व संख्याशास्त्र (कला व विज्ञान)' हा एकच विषय दोन्ही शाखांना चालतो. तो आर्ट्सच्या मुलीने घेतला तर पुढे अर्थशास्त्राचे चांगले रस्ते उघडे राहतात. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्सला बारावीला गणित लागतंच. एनडीएतून लष्करात जायला कोणतीही शाखा चालते, पण ९०० पैकी ३०० गुणांचा पेपर गणिताचा असतो. अडचण एवढीच की फार थोडी कॉलेजं आर्ट्सच्या मुलांना हा विषय प्रत्यक्ष शिकवतात. वेळापत्रकात तो अर्थशास्त्राच्या तासालाच आला तर घेता येत नाही. संगमेश्वर, वालचंद, दयानंद, जिथे जाल तिथे कार्यालयात जाऊन हेच विचारा : आर्ट्सला हा विषय शिकवता का, कोणत्या विषयांसोबत बसतो? गणित नाहीच जमलं तर राज्यशास्त्र घ्या.

कॉलेज निवडताना आणखी एक गोष्ट आवर्जून बघा. आर्ट्सचे वर्ग डिसेंबरनंतर रिकामे पडतात अशी तक्रार सर्रास ऐकू येते. आता बारावीत असलेल्या दोन-तीन मुलींना गेटवर गाठून विचारा, जानेवारीत तास होतात का, भूगोलाचं प्रात्यक्षिक खरंच नकाशे घेऊन होतं का. माहितीपुस्तिकेत हे कळत नाही. ८४ टक्क्यांना आर्ट्सला कॉलेज मिळणं सहसा अवघड नसतं, त्यामुळे निवडायला वाव आहे, तो वापरा.

तेलुगूचं तुम्ही एका ओळीत लिहिलंत, पण मला त्यात तिची खरी पुंजी दिसते. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकाच गल्लीत ऐकू येतात. ती तेलुगू बोलते, पण मराठी शाळेत शिकल्यामुळे वाचता-लिहिता येत नसणार असं धरते. घरातल्या आजीकडून किंवा शेजारच्या कुणाकडून या सुट्टीत लिपी शिकून घेऊ दे. रोज अर्धा तास दिला तर दोन महिन्यांत वर्तमानपत्र वाचता येईल. मराठी ९१, इंग्रजी ७८ आणि लिहिता येणारी तेलुगू असलेली मुलगी पुढे अनुवाद, भाषाविज्ञान, पत्रकारिता, कायदा कुठेही उठून दिसते. म्हैसूरला १९६९ पासून भारतीय भाषा संस्थान आहे. भाषांवर काम करायचं म्हटलं तर ते नाव लक्षात ठेवा.

भूगोलाची गोडी टिकली तर जीआयएसकडे वळता येतं, म्हणजे उपग्रहांच्या चित्रांवरून नकाशे आणि पाणी-जमिनीचे अंदाज. सोलापूरजवळ केगावला आपल्याच अहिल्यादेवी होळकर विद्यापीठात भूशास्त्र संकुल आहे. तिथे एकदा तिला घेऊन जा आणि बीए भूगोलानंतर कोणता अभ्यासक्रम चालतो ते समोर बसून विचारा. कायद्याची पाच वर्षांची पदवी कुठल्याही शाखेतून होते, खुल्या गटाला बारावीला ४५ टक्के आणि कायद्याची वेगळी सीईटी लागते. यूपीएससी, एमपीएससीला कोणतीही पदवी चालते, पण केवळ त्यासाठी म्हणून आर्ट्स घेऊ नका. पदवीनंतर निवड झाली नाही तर हातात काय, याचं उत्तर आधी हवं.

चाचणी उलटी निघाली, म्हणजे सदिशांत तिला मजा आली, तर सायन्स नक्की घ्या, माझा अजिबात विरोध नाही. तेव्हा गणित सोडू नका. "बायोलॉजी घेऊ, गणित सोडू" हा सोपा मार्ग वाटतो, पण भौतिकशास्त्रातलं गणित तसंच राहतं. पैशाची काळजी असेल तर हे लक्षात ठेवा : २०२४-२५ पासून राज्यात इतर मागासवर्ग, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) गटातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीय फेरीतून झालेला हवा, व्यवस्थापन कोट्यातून नको. वसतिगृह आणि मेसचा खर्च तुमचाच. राखीव गटात असाल तर जात पडताळणीचा अर्ज बारावीच्या आधीच करून ठेवा. सीईटीनंतर धावपळ करणाऱ्यांचे प्रवेश इथेच अडकतात.

चूक झाली असं अकरावीत वाटलं तर सायन्समधून आर्ट्सला येता येतं, पण जागा शिल्लक असेल आणि लवकर अर्ज केला तरच. पहिल्या घटक चाचणीचे गुण आले की लगेच ठरवा. आर्ट्समधून सायन्सला जायचं तर पुन्हा अकरावीलाच प्रवेश घ्यावा लागतो.

आता फॉर्म. पसंतीक्रमात एक ते दहा कॉलेजं देता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव जातं. म्हणून मैत्रिणी जातायत किंवा घराजवळ आहे एवढ्यावर पहिलं नाव लिहू नका. जिथे तिचे चारही विषय शिकवले जातात हे कार्यालयात विचारून खात्री केली आहे, तेच कॉलेज पहिलं लिहा. फॉर्म सायबर कॅफेवाल्याला भरू देऊ नका, तो समोर बसून तिनेच भरावा, पप्पांनी शेजारी बसावं. लॉक करण्याआधी कॉलेजच्या नावापुढची शाखा, माध्यम आणि अनुदानित की विनाअनुदानित हे तिन्ही रकाने मोठ्याने वाचून घ्या. एकाच कॉलेजचे वेगवेगळे संकेतांक असतात आणि चुकीचा निवडला तर दुसऱ्याच तुकडीत नाव लागतं. मुदत संपली की त्या फेरीत काहीच बदलता येत नाही.