गड्ड्यात दार कुठलं?

‘ताई, मी टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतो. घर पूर्व भागात, भिंतीला लागूनच दुसऱ्यांचा कारखाना. मुलगा सात वर्षांचा. दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला. बोलतो, पण मोजकं, आणि पुष्कळदा ऐकलेलंच परत बोलतो. पंखा, चाक, फिरणारं काहीही त्याला आवडतं. शेजारचे माग सुरू झाले की कानांवर हात ठेवतो, मग त्याची आई दार लावते आणि तो चादर गुंडाळून बसतो.

यंदा भोगीला सिद्धेश्वराच्या यात्रेतला अक्षता सोहळा झाल्यावर संध्याकाळी त्याला गड्ड्यात, म्हणजे यात्रेच्या जत्रेत नेलं. आकाशपाळणा बघून हात फडफडवत चवड्यांवर उड्या मारायला लागला. एवढा खूश मी त्याला कधी बघितला नव्हता. तासाभराने तेच हात, त्याच उड्या, पण किंचाळायला लागला. ‘दार लाव, दार लाव’ म्हणत होता. गड्ड्यात दार कुठलं? मग भज्यांच्या गाड्यापुढे आडवा पडला, स्वतःचं मनगट चावलं. माणसं गोळा झाली. कोणी म्हणालं अंगात आलंय, कोणी म्हणालं चप्पल हुंगवा, एक पोरगा मोबाइलवर शूटिंग करत होता. मी त्याच्या थोबाडीत मारली. तो गप्प झाला. दोन दिवस माझ्याकडे बघितलं नाही.

वैशाखात मेव्हणीचं लग्न आहे. माझी आई म्हणते, त्याला शेजारी ठेवा, चारचौघांत तमाशा नको. ताई, हात तेच असताना तो खूश आहे का घाबरलाय, हे ओळखायचं कसं? आणि मी बाप म्हणून नालायक आहे का?’

– एक वाचक, सोलापूर

दादा,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना त्यातली दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवली, तुम्हीही ठेवून बघा. घरी मागांचा आवाज सुरू झाला की आई दार लावते. गड्ड्यात तो ‘दार लाव’ म्हणत होता.

तुमचा मुलगा तुमच्याशी बोलत होता, दादा. अगदी स्पष्ट. दार लावलं की आवाज कमी होतो, हे त्याने रोज अनुभवलंय. त्यामुळे त्याच्या लेखी ‘दार लाव’ म्हणजे ‘हा आवाज बंद करा, मला सहन होत नाही’. ‘बाबा, मला इथून घेऊन चला’ हे वाक्य त्याला त्या घटकेला जुळवता आलं नाही, म्हणून उपयोगी पडलेलं, पाठ असलेलं वाक्य त्याने पुढे केलं. ऑटिझम असलेली पुष्कळ मुलं असं बोलतात. त्याला एकोलालिया म्हणतात, आणि आपण त्याला पोपटपंची समजून सोडून देतो. आज रात्री तुम्ही दोघं बसा आणि तो परत परत म्हणतो ती वाक्यं आठवा. प्रत्येक वाक्य पहिल्यांदा कुठे ऐकलं, तेव्हा घरात काय चाललं होतं, ते शोधा. सगळ्यांचा उलगडा होणार नाही, पण चार-पाच जरी लागली तरी घरातलं निम्मं कोडं सुटेल.

आता हातांचं. माग चालू असताना तुम्ही शेजारच्या मागावरच्या माणसाशी कसे बोलता? त्या खडखडाटात ओरडून काही पोचत नाही, म्हणून हातानेच. चहा आला, मालक आले, सूत संपलं, सगळं हातावर. बाहेरचा माणूस दारात उभा राहिला तर त्याला ते नुसते हातवारे वाटतील. तुमच्या मुलाचंही तसंच आहे. हात फडफडवणं, डोलणं, गोल फिरणं, तोंडाने एकच आवाज काढत राहणं, याला स्टिमिंग म्हणतात. आत जे दाटतं ते असं बाहेर पडतं, आणि त्याने मूल स्वतःला सावरतंही. आनंद दाटला तरी हात हलतात, भीती दाटली तरी हलतात. आपलंही पाणी दोन्ही वेळेला डोळ्यांतूनच येतं.

तेव्हा नुसत्या हातांकडे बघून कळणार नाही. हात कुठे आहेत ते बघा. खुशीत असताना बहुतेक मुलांचे हात बाहेर, मोकळे असतात, नजर त्या वस्तूवर खिळलेली असते, अंग सैल असतं. ताण चढायला लागला की हात अंगाजवळ येतात, कानांपाशी जातात, बोटं वळतात, खांदे वर चढतात. नजर भिरभिरते, नाहीतर एकदम खाली जाते. आवाजाची पट्टी चढते, एकच शब्द लवकर लवकर येतो. काही मुलं कपडे ओढतात, काही आईच्या अंगात डोकं खुपसतात, आणि काही उलट एकदम गप्प होतात, हाक मारली तरी ऐकू न आल्यासारखी. हे मी ढोबळ सांगितलं. तुमच्या मुलाची खूण वेगळी असू शकते आणि ती तुम्हालाच सापडेल, कारण तुमचा कान तयार आहे. मागाचा आवाज जरा बदलला तरी तुम्ही पाठमोरे असताना वळून बघता ना? मुलाच्या बाबतीत तेच करायचंय. तो आडवा पडला ती शेवटची पायरी होती. त्याआधी बराच वेळ तो सांगत असणार.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. आनंदसुद्धा यातल्या अनेक मुलांना जास्त होतो आणि ओसंडतो. तो पाळणा त्याला आवडला नाही असं मुळीच नाही. खूप आवडला, म्हणूनच भांडं काठोकाठ भरलं. त्यात दिव्यांचा झगमगाट, जनरेटरचा वास, पिपाण्या, भोंगे, अंगाला घासणारी गर्दी. तुमचा-माझा मेंदू यातलं निम्मं आपोआप मागे ढकलतो, त्याचा मेंदू सगळं एकाच जोराने आत घेतो. शिवाय भूक, तहान, लघवी लागल्याचंही यातल्या अनेक मुलांना वेळेवर उमगत नाही. तासाभरात त्याने पाणी प्यायलं होतं का, आठवून बघा.

हा हट्ट होता का, असं लोक विचारतील. हट्टी मूल रडता रडता आपल्याकडे कोण बघतंय ते बघतं आणि फुगा हातात आला की गप्प बसतं. तुमच्या मुलाला त्या वेळी आख्खा गड्डा दिला असता तरी तो थांबला नसता, कारण त्याला काही हवंच नव्हतं, सगळं नको झालं होतं. याला मेल्टडाउन म्हणतात. ते मुलाच्या हातात नसतं.

म्हणून थपडेबद्दल स्पष्ट लिहिते. तो गप्प झाला म्हणजे शांत झाला, असं समजू नका. आधीच असह्य झालेल्या अंगावर आणखी एक आघात झाला आणि तो आत मिटला. दोन दिवस बघितलं नाही ते त्यामुळेच असावं. ती थप्पड चूक होती. पण तुम्ही ती लपवली नाहीत, बायकोवर ढकलली नाहीत, उलट ओळखायचं कसं हे विचारलंत. नालायक बाप हे विचारत नाही. त्याच्याजवळ बसा, डोळ्यांत बघायची सक्ती न करता सांगा, ‘गड्ड्यात आवाज खूप होता. बाबांनी मारलं. बाबा चुकले. आता मारणार नाही.’ एवढंच. त्याने ऐकलं नाही असं वाटेल. तरी सांगा.

चूक माझ्याही हातून झालीय. विशेष मुलांच्या वर्गावर मी काही वर्षं शिकवलं. ‘हात खाली, हात मांडीवर’ हे मी दिवसातून शंभर वेळा म्हणायचे. आम्हाला शिकवलं होतंच तसं. एक मुलगी इतकी शहाणी झाली की हात मांडीखाली दाबून बसायची, आणि त्या वर्षी तिने नखं कुरतडून बोटांची सालं काढली. ते हात आठवले की आजही मला वाईट वाटतं. म्हणून हात जोडून सांगते, त्याचे हात धरून ठेवू नका. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होत असेल तेवढंच अडवा. चावत असेल तर चावायला जाड कापडाची पट्टी किंवा रुमाल द्या. हे चावणं, डोकं आपटणं वारंवार होत असेल तर डॉक्टरांना आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टना दाखवा. दातदुखी, कानदुखी, बद्धकोष्ठ यांनीही मुलं अशी करतात आणि दुखतंय हे सांगू शकत नाहीत.

परत कधी असं झालं तर कमी बोला. ‘काय झालं, उठ, लोक बघतायत’ हा आणखी आवाजच. त्याला कडेला, भिंतीच्या आडोशाला न्या. उचलणं शक्य नसेल तर तिथेच बसा, डोक्याला लागणार नाही एवढं बघा आणि तुमची पाठ गर्दीकडे करा. लोकांना एकच वाक्य सांगायचं, ‘त्याला ऑटिझम आहे, आवाज सोसत नाही, जरा जागा द्या.’ आपल्या पूर्व भागात हेच वाक्य तेलुगूतही पाठ असू द्या. आपले सोलापूरकर आधी चारदा ‘काय झालं बे’ विचारतील, पण सांगितलं की बाजूलाही होतील. शूटिंग करणाऱ्याला नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. चप्पल, कांदा काही हुंगवायचं नाही. ही फीट नव्हे. नंतर तो गळून जाईल, झोपेल. झोपू द्या. त्या वेळी जाब विचारू नका.

तुमच्या आईंबद्दल. त्यांचा राग मला येत नाही. चारचौघांचं भय त्यांच्या पिढीने फार सोसलंय. पण उद्या त्या ‘सुनेने नीट वाढवलं नाही’ म्हणाल्या, तर त्यांना हे सांगा. लिओ कॅनर या डॉक्टरांनी 1943 मध्ये ऑटिझमचं सविस्तर वर्णन केलं. त्यानंतर कित्येक वर्षं मोठमोठे तज्ज्ञसुद्धा आईच्या कोरडेपणालाच दोष देत राहिले. बर्नार्ड रिमलँड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1964 मध्ये पुरावे मांडून हे चुकीचं ठरवलं, ऑटिझमचं मूळ मेंदूच्या जडणघडणीत आहे असं सांगितलं. त्यांचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता. म्हणजे हे मांडणारा माणूसही तुमच्यासारखा बापच होता. (मराठीत ‘स्वमग्नता’ म्हणतात, मला तो शब्द पटत नाही. भज्यांच्या गाड्यापुढे ‘दार लाव’ म्हणून विनवणारं पोर स्वतःत मग्न कसं?)

आता लग्न. त्याला न्या. मावशीच्या लग्नात तो असायलाच हवा, पण पूर्ण दिवस नव्हे. आदल्या संध्याकाळी हॉल रिकामा असताना त्याला फिरवून आणा. स्टेज, पंखे, जेवणाची जागा दाखवा, मोबाइलवर फोटो काढा आणि रात्री तेच फोटो परत दाखवा. दार लागणारी एक खोली सासरच्यांकडून मागून घ्या, नवरीच्या खोलीइतकीच ती महत्त्वाची समजा. तिथे त्याची रोजची चादर ठेवा. आपली सोलापुरी चादर अंगावर जड बसते. असा सगळ्या अंगावरचा दाब अनेक मुलांना शांत करतो, आणि त्याने ते आपलं आपण शोधून काढलंय. फक्त तोंड मोकळं राहू द्या, आणि ती स्वतः फेकता यायला हवी. वैशाखातला उकाडा आहे, खोलीत पंखा बघून घ्या.

कारखान्यात आवाजासाठी वापरतात ते कानांवरचे मफ हार्डवेअरच्या दुकानात चौकशी केली तर मिळतील, लहान मापाचे बघा. आतापासून घरी रोज थोडा वेळ घालायची सवय करा, नाहीतर त्या दिवशी तेच टोचतील. हलगी आणि बँड वाजायच्या आधी ते कानांवर हवेत. मंगलाष्टकांच्या वेळी त्याला मांडवाच्या कडेला उभं करा, कारण डोक्यावर, मानेवर पडणाऱ्या अक्षता काही मुलांना टोचल्यासारख्या लागतात. नवे झुळझुळीत कपडे नकोत, धुऊन मऊ झालेला सदरा चालेल. मेव्हणी समजून घेईल.

त्या दिवशी त्याची जबाबदारी एकाच माणसावर असावी. ‘सगळे आहेत की बघायला’ म्हटलं की कोणीच बघत नसतं. अशी मुलं गोंगाटातून निसटतात आणि पुष्कळांना पाण्याची ओढ असते. आपल्याकडे गड्डा भरतो त्या होम मैदानाशेजारीच सिद्धेश्वर तलाव आहे, त्यामुळे गड्ड्यातही हे ध्यानात असू द्या. सदऱ्याच्या आतल्या बाजूला तुमचा मोबाइल नंबर लिहा.

कागदपत्रांचं थोडक्यात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे 21 प्रकार आहेत त्यांत ऑटिझम आहे. अजून काढलं नसेल तर सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) करून घ्या. शाळेत आणि सवलतींसाठी लागेल.

पुढच्या वर्षी गड्ड्यालाही न्या. भोगीच्या संध्याकाळी नको, आणि शोभेच्या दारूकामाच्या रात्री तर मुळीच नको. पाळणे संक्रांतीनंतरही बरेच दिवस असतात. साप्ताहिक सुट्टी सोडून एखाद्या दुपारी जा, पाळणा बघा, अर्ध्या तासात निघा. तो हात फडफडवत उड्या मारेल तेव्हा शेजारी उभे राहा. कोणी बघितलं तर बघू दे.

लग्नाहून आल्यावर मला दोन ओळी लिहा. त्याने ‘दार लाव’ म्हटल्यावर तुम्ही किती वेळात उठलात आणि खोलीचं दार कोणी लावलं, एवढं कळवा.

तुमची,
ताई